बाळासाठी कोणते फॉर्म्युला दूध घ्यावे?

प्रश्न एका आईने विचारला आहे. बाळ सात आठवड्यांचे आहे, पूर्ण दिवसांचे जन्मले आणि जन्माच्या वेळी त्याचे वजन चांगले होते. अंगावरचे दूध पुरत नाही असे वाटू लागल्याने तिला वरचे दूध सुरू करायचे आहे. घरात एक जण एका डब्याचे नाव सांगतो, मैत्रीण दुसऱ्या, तर दुकानदार तिसऱ्याच डब्याचे. बाळ संध्याकाळी फार रडते, पाजल्यानंतर थोडे दूध बाहेर काढते, त्यामुळे ‘त्याला दूध पचत नसावे, लॅक्टोज (दुधातील नैसर्गिक शर्करा) नसलेले द्या’ असाही सल्ला तिला मिळाला आहे. यांपैकी कोणते घ्यावे, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे उत्तर आधी थोडक्यात सांगते. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला गाईच्या दुधापासून तयार केलेले, लॅक्टोज असलेले, लोहयुक्त आणि जन्मापासून देता येणारे साधे पहिल्या टप्प्याचे फॉर्म्युला पुरेसे असते. कायद्याच्या निकषांत बसणाऱ्या अशा दोन डब्यांपैकी कोणता उचलला, याने बाळाच्या वाढीत फरक पडत नाही. फरक पडतो तो ते दूध कसे कालवले, किती पाजले आणि कोणत्या पाण्यात बनवले याने. पालकांची बरीचशी काळजी डब्याच्या नावावर खर्च होते आणि पाण्याकडे, मापाच्या चमच्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

डबा घेण्यापूर्वी दूध खरोखरच कमी पडते आहे का, हे पाहू. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ होत असेल आणि चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट नीट ओले होत असतील, तर बाळाला दूध पुरते आहे, मग ते संध्याकाळी कितीही रडो. बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते. संध्याकाळी बाळ तासातासाने छातीशी मागते, स्तन मऊ लागतात आणि आईला वाटते की दूध आटले. बहुतेक वेळा ते आटलेले नसते. सात आठवड्यांचे बाळ या काळाच्या अगदी मध्यावर असते, त्यामुळे केवळ रडण्यावरून निर्णय घेऊ नये. बाळाचे वजन करून घ्यावे आणि ते छातीला नीट लागते का, हे स्तनपानाची जाण असलेल्या व्यक्तीला एकदा प्रत्यक्ष दाखवावे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुचवते, आणि मीही तेच सांगते.

तरीही वजन वाढत नसेल, आईला स्तनपानाशी न जुळणारी औषधे चालू असतील, किंवा पुरेशी माहिती घेऊन तिने तसा निर्णय घेतला असेल, तर फॉर्म्युला हा सुरक्षित आणि योग्य पर्याय आहे. त्यासाठी कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की वरचे दूध सुरू केले म्हणजे अंगावरचे बंद करावे लागते असे नाही. आधी दोन्ही बाजूंनी पाजावे आणि गरज उरल्यास त्यानंतर फॉर्म्युला द्यावे. छातीतून जितके दूध निघते तितकेच पुन्हा तयार होते, त्यामुळे एखादे पाजणे पूर्णपणे वरच्या दुधाने भागवले तर त्या वेळी दूध काढून घेतल्याशिवाय ते हळूहळू कमी होत जाते.

आता सगळे डबे मुळात सारखेच कसे, ते पाहू. गाईच्या दुधात प्रथिने साधारण ३.३ टक्के असतात, तर आईच्या दुधात जेमतेम १ टक्का. आईच्या दुधात चटकन पचणाऱ्या व्हे प्रथिनांचे प्रमाण जास्त, तर गाईच्या दुधात घट्ट गोळे बनवणाऱ्या केसिनचे. शिवाय गाईच्या दुधातील क्षारांचा भार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, त्यात लोह नगण्य असते, आणि काही बाळांच्या आतड्यांतून त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. म्हणूनच एक वर्ष पूर्ण होईपर्यंत गाय, म्हैस किंवा शेळीचे साधे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, पाणी घालून पातळ केलेलेही नाही. साखर घातलेले आटीव दूध, बदाम, ओट किंवा तांदळाची वनस्पतिजन्य पेये आणि घरी बनवलेले ‘फॉर्म्युला’ यांनाही हेच लागू आहे. फॉर्म्युला बनवताना गाईच्या दुधातील प्रथिने कमी केली जातात, बहुधा व्हेचे प्रमाण वाढवले जाते, दुधातील स्निग्धांशाऐवजी मुख्यतः वनस्पती तेलांचे मिश्रण वापरले जाते आणि लॅक्टोज, लोह, जीवनसत्त्वे व खनिजे मोजून घातली जातात.

हे मोजमाप उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. कोडेक्स अलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांत १९८१ पासून शिशुदुधाचे स्वतंत्र मानक आहे. तयार दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये ६० ते ७० किलोकॅलरी ऊर्जा असावी इथपासून प्रत्येक आवश्यक घटकाची किमान मर्यादा आणि अनेकांची कमाल मर्यादा त्यात ठरवलेली आहे. हे किती गरजेचे होते, हे १९७८-७९ मध्ये अमेरिकेत दिसले. एका उत्पादकाच्या सोयाबीनच्या फॉर्म्युलात क्लोराइडचे प्रमाण अपुरे राहिले, त्यावर वाढणाऱ्या बाळांच्या रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडले, त्यांची वाढ खुंटली, आणि त्यानंतर १९८० मध्ये तिथे शिशुदुधाचा स्वतंत्र कायदा झाला. बाळ महिनोन्‌महिने केवळ एकाच अन्नावर वाढत असते, त्यामुळे त्यातील एका क्षाराची उणीवही भरून काढायला दुसरे काही नसते. बाजारात अधिकृतपणे विकला जाणारा डबा आणि घरगुती मिश्रण यांत खरा फरक आहे तो हा.

दुकानात उभे असताना डब्याचा पुढचा भाग सोडून मागची बाजू वाचावी. सर्वांत आधी वयोगट पाहावा. जन्मापासून किंवा शून्य ते सहा महिने असे लिहिलेले पहिल्या टप्प्याचे दूध हवे. त्यानंतर घटकांची यादी वाचावी. कर्बोदकांत लॅक्टोज मुख्य असावे. साखर म्हणजे सुक्रोज किंवा फ्रुक्टोज असलेले दूध टाळावे, कारण फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या बाळाला ते धोक्याचे ठरू शकते आणि इतर बाळांनाही त्याची गरज नसते. दूध लोहयुक्त असावे. लोहामुळे बाळाला शी कडक होते या समजुतीला अभ्यासांनी पुष्टी मिळालेली नाही, उलट लोहाची कमतरता मेंदूच्या विकासाला मारक असते. मग वापरण्याची अंतिम तारीख आणि डब्याचे सील. डब्याला पोचा पडलेला असेल किंवा तो फुगलेला असेल तर घेऊ नये. याशिवाय हा डबा जवळ कायम मिळेल का आणि वर्षभर परवडेल का, हाही पूर्णपणे वैद्यकीय विचार आहे. महाग दूध पुरवून पुरवून पातळ बनवण्यापेक्षा परवडणारे दूध योग्य मापात बनवणे बाळाच्या कितीतरी हिताचे असते.

पुढच्या बाजूच्या दाव्यांबद्दल माझे मत असे आहे. डीएचए हे आईच्या दुधात असणारे मेदाम्ल आहे. युरोपीय संघात २०२० पासून ते शिशुदुधात बंधनकारक आहे आणि ते असण्यात हानी नाही. परंतु पूर्ण दिवसांच्या बाळांची बुद्धी त्यामुळे वाढते, असे अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. आईच्या दुधातील विशिष्ट शर्करांसारखे घटक, प्रीबायोटिक (आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य), प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणू) यांच्याबाबतही तेच म्हणता येईल: काहींमुळे शी थोडी मऊ होते, आतड्यांतील जिवाणूंचे स्वरूप स्तनपान घेणाऱ्या बाळांच्या थोडे जवळ जाते, पण साध्या फॉर्म्युलावरचे बाळ त्यामुळे मागे पडते असे नाही. पाम तेलाच्या काही प्रकारांमुळे शी घट्ट होऊ शकते. बाळाला शी करताना त्रास होत असेल तर पाम तेल नसलेले दूध वापरून पाहण्यास हरकत नाही, पण सर्वांनीच ते टाळण्याचे कारण नाही. ‘आईच्या दुधासारखे’ या शब्दांवर मात्र विश्वास ठेवू नये. आईच्या दुधातील प्रतिपिंडे आणि जिवंत पेशी कोणत्याही भुकटीत नसतात. अशा जाहिराती रोखण्यासाठीच १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने स्तनपानाला पर्याय असलेल्या उत्पादनांच्या विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली.

सहा महिन्यांनंतर ‘दुसऱ्या टप्प्याचे’ दूध घ्यावेच लागते, हा समजही चुकीचा आहे. तसे विशेष दूध गरजेचे नसल्याचे जागतिक आरोग्य परिषदेने १९८६ मध्येच नमूद केले आहे. पहिल्या टप्प्याचे दूध पूरक आहारासोबत वर्षापर्यंत खुशाल चालू ठेवावे.

आता विशेष प्रकारांकडे वळते, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. लॅक्टोज न पचणे आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोज ही दुधातील शर्करा आहे आणि ती आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जास्त असते. ती पचवण्याची क्षमता जन्मतःच नसणे अत्यंत दुर्मीळ आहे, आणि अशा बाळाला पहिल्या दिवसांपासूनच जोराचे, पाण्यासारखे जुलाब होतात, नुसते वायू किंवा रडणे नव्हे. तीव्र जुलाबांनंतर आतड्याचे अस्तर दुखावल्यामुळे काही दिवस लॅक्टोज पचत नाही, पण ते तात्पुरते असते. तेव्हा संध्याकाळी रडणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाला लॅक्टोजमुक्त दूध देण्यात काहीच अर्थ नाही.

ॲलर्जी प्रथिनांची असते आणि ती साधारण २ ते ३ टक्के बाळांत आढळते. शीमध्ये रक्त किंवा आव, न आवरणारा इसब, पित्त उठणे, वारंवार उलट्या आणि वजन न वाढणे, अशी लक्षणे एकत्र दिसू लागली की तिचा विचार करावा लागतो. लॅक्टोजमुक्त दुधात तीच प्रथिने असतात, त्यामुळे ॲलर्जीत त्याचा उपयोग नाही. शेळीच्या दुधाच्या फॉर्म्युलाचाही नाही, कारण त्याची प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर बहुधा दोघांवर सारखीच प्रतिक्रिया देते. निरोगी बाळासाठी शेळीच्या दुधाचे निकषांत बसणारे फॉर्म्युला चालते, पण ते ॲलर्जीवरचा उपाय नाही. ‘पचायला हलके’ म्हणून विकली जाणारी अर्धवट विघटित प्रथिनांची दुधेही येथे अपुरी पडतात. ॲलर्जीत प्रथिनांचे पूर्णपणे बारीक तुकडे केलेले दूध लागते, आणि तीव्र स्वरूपात थेट अमिनो आम्लांवर आधारित दूध. ही दुधे म्हणजे उपचार आहेत. ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करावीत, आणि दोन ते चार आठवड्यांनी फरक पडल्याचे दिसल्यावर, तीव्र प्रतिक्रियेचा इतिहास नसल्यास, मूळ दूध पुन्हा देऊन निदान पक्के करावे लागते. ती पायरी गाळली, की बाळ विनाकारण महिनोन्‌महिने विशेष दुधावर राहते.

सोयाबीनच्या फॉर्म्युलाला फार मर्यादित जागा आहे. गॅलॅक्टोसेमिया या दुर्मीळ आजारात, जिथे आईचे दूधही देता येत नाही, ते उपयोगी पडते. मात्र त्यात वनस्पतिजन्य संप्रेरकसदृश द्रव्ये असतात, ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाचीही ॲलर्जी असते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते देऊ नये. घट्टसर, म्हणजे तांदळाचे पीठसत्त्व किंवा कॅरोबचा डिंक घातलेले दूध, हे दूध काढणाऱ्या बाळांसाठी असते. परंतु पाजल्यावर थोडे दूध बाहेर येणे हे निम्म्याहून अधिक बाळांत होते, चौथ्या महिन्याच्या आसपास ते सर्वांत जास्त असते आणि वर्षापर्यंत थांबते. बाळ हसरे आहे आणि वजन वाढते आहे, तर उपचार कपडे बदलण्यापुरताच. आधी पाहावे ते एका वेळी गरजेपेक्षा जास्त पाजले जाते का, बाटलीच्या निपलचे छिद्र फार मोठे आहे का, ढेकर काढला जातो का. अपुऱ्या दिवसांच्या किंवा खूप कमी वजनाच्या बाळांचा विषय संपूर्ण वेगळा आहे. त्यांना १०० मिलिलिटरमागे साधारण ८० किलोकॅलरी देणारे खास दूध लागू शकते, आणि ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

या बाळापुरते सांगायचे, तर वजन तपासल्यावर गरज खरोखर दिसली तर साधे पहिल्या टप्प्याचे लॅक्टोजयुक्त दूध घ्यावे, आणि लॅक्टोजमुक्त किंवा घट्ट दुधाकडे आत्ता वळू नये.

आता दूध बनवण्याविषयी. भुकटी निर्जंतुक नसते, सीलबंद डब्यातलीही नाही. तिच्यात क्रोनोबॅक्टर हा जिवाणू क्वचित असू शकतो आणि तो दोन महिन्यांखालच्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांत मेंदूज्वरासारखा जीवघेणा आजार घडवतो. सात आठवड्यांचे बाळ या वयोगटात मोडते, म्हणून ही सूचना काटेकोरपणे पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शनानुसार पाणी खळखळ उकळावे, मग अर्ध्या तासापेक्षा जास्त न थांबता, म्हणजे ते किमान ७० अंश सेल्सियस असताना, त्यात भुकटी मिसळावी. कोमट पाण्याने जिवाणू मरत नाहीत. प्रोबायोटिक असलेल्या काही डब्यांवर कमी तापमानाचे पाणी वापरायला सांगितलेले असते, कारण गरम पाण्यात त्यांतील उपयुक्त जिवाणूही मरतात. एवढ्या लहान बाळासाठी असे दूध न निवडणे हेच मला योग्य वाटते. तयार द्रवरूप दूध निर्जंतुक असते, त्यामुळे धोका अधिक असलेल्या बाळांसाठी ते मिळत असेल तर उत्तम. विहीर किंवा कूपनलिकेच्या पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर उकळून ते जात नाही, उलट त्याची तीव्रता वाढते. लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असलेले पाणी बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते, म्हणून असे पाणी तपासून घ्यावे.

मी पालकांना दूध माझ्यासमोर बनवून दाखवायला सांगते, आणि चुका बहुधा तिथेच सापडतात. कोणी आधी भुकटी टाकून मग खुणेपर्यंत पाणी ओततात, त्यामुळे पाणी कमी पडते आणि दूध दाट होते. कोणी चमचा डब्याच्या कडेवर दाबून भरतात, तर कोणी जुन्या डब्यातला चमचा नव्या डब्यासाठी वापरतात. काही डब्यांत एक चमचा ३० मिलिलिटर पाण्यासाठी असतो, तर काहींत ५० किंवा ६०, म्हणून चमचा त्याच डब्यातला हवा. आधी पाणी मोजून बाटलीत घ्यावे, बाटली सपाट जागेवर ठेवून डोळ्यांच्या पातळीवर खूण पाहावी, चमचा न दाबता भरून स्वच्छ सुरीच्या पाठीने सपाट करावा आणि सांगितले तितकेच चमचे टाकावेत. मग बाटली हलवून वाहत्या थंड पाण्याखाली धरावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून ऊब पाहावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापते आणि तोंड भाजते. पातळ दुधाने वजन वाढत नाही, आणि फार पातळ झाल्यास रक्तातील सोडियम उतरून झटके येऊ शकतात. दाट दुधाने शी कडक होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. बनवलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे, आणि बाळाच्या तोंडचे उरलेले टाकून द्यावे, ते कितीही जास्त उरले असले तरी.

प्रमाणाचा अंदाज म्हणून, पूर्णपणे फॉर्म्युलावर असलेल्या बाळाला पहिल्या काही महिन्यांत दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध लागते. ४.५ किलोच्या बाळाचे हे ६७५ मिलिलिटर होतात, सात-आठ वेळांत विभागलेले. हा हिशेब केवळ दिशा दाखवण्यासाठी आहे. बाळाने तोंड फिरवले, ओठ मिटले किंवा चोखण्याचा वेग मंदावला, तर बाटली रिकामी करण्याचा आग्रह धरू नये. ड जीवनसत्त्वाचे थेंब किती आणि कधीपर्यंत द्यायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

एक दूध सुरू केल्यावर दोन दिवसांत ते बदलू नये. फॉर्म्युलावरच्या बाळाची शी अधिक घट्ट, पिवळसर-तपकिरी किंवा हिरवटही असते, आणि हिरव्या रंगाचे काही वावगे नाही. पोटाला सवय व्हायला एक-दोन आठवडे द्यावेत. मधेच डबा मिळाला नाही तर त्याच प्रकारचे दुसऱ्या उत्पादकाचे दूध थेट सुरू केले तरी चालते. मात्र हिरवी, पित्ताची उलटी, दूर उडणारी जोरदार उलटी, शीमध्ये रक्त, पांढरट शी, ताप, लघवी कमी होणे किंवा बाळ मलूल दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर दूध बदलून पाहण्यात वेळ न घालवता बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

वर्ष पूर्ण झाले की फॉर्म्युलाची गरज संपते. तोवर बाळ घरचे अन्न खाऊ लागलेले असते, त्यामुळे साधे पूर्ण मलईचे दूध कपातून द्यावे आणि ‘वाढत्या मुलांसाठी’ म्हणून येणारे पुढच्या टप्प्यांचे डबे घेऊ नयेत. त्यांपैकी अनेकांत साखर घातलेली असते, आणि त्यांतली पोषकद्रव्ये नेहमीच्या आहारातून मिळतात.